लोंढ्यावरून लंडनला

गुंजी स्टेशनातून गोव्याच्या दिशेने निघालेली गाडी लोंढ्याला पोचते, लंडनला नाही. तरी इंग्रजी शिकणाऱ्याला लंडनची वाट लोंढ्यावरून जवळ पडते, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीच्या पुस्तकात साहेबाच्या देशाची ओळख सुरू झाली, की इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंगडम या एकाच घरच्या तीन नावांनी पुण्याचा विद्यार्थी घामाघूम होतो. गुंजी-लोंढा ज्या खानापूर तालुक्यात, तिथल्या पोराला त्यात नवल वाटायचे कारण नाही. त्याचे आजोबा अंगणातून न हलता तीन राज्यांत राहून आले: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई, मग म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक. घरात मराठी, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड. अशा पोराला इतकेच सांगावे, की १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे ग्रेट ब्रिटन झाले (वेल्स आधीच इंग्लंडच्या पदरात होते), १८०१ मध्ये आयर्लंड आले, १९२२ मध्ये त्यातले बरेचसे वेगळे निघाले आणि उत्तरेचा तुकडा मागे राहिला. शिधापत्रिका एक, चुली चार. फुटबॉलला चौघांचे चार संघ, क्रिकेटला मात्र वेल्सवाला इंग्लंडच्या पंगतीत.

यावर कोणी म्हणेल, आपल्याला हवेत कशाला हे बारकावे? दीडशे वर्षे सगळ्यांना सरसकट 'इंग्रज' म्हटले, काही अडले नाही. अडले नाही, पण चुकले. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला असे आपण म्हणतो. घेणारा टॉमस मन्रो ग्लासगोचा, म्हणजे स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिशच. त्यांना इंग्रज म्हणणे म्हणजे निपाणीच्या माणसाला 'तुम्ही कानडी ना?' असे विचारण्यासारखे. पुढचा अर्धा तास आपला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिकडे सगळेच इंग्रजी बोलतात, आपला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा तंटा तर भाषेचाच, मग तुलना कसली? पण वेल्समध्ये जाऊन पाहावे. तिथे सरकारी पाट्या दोन भाषांत असतात आणि स्वान्सीचे वेल्श नाव अबरटावे, ज्याचा इंग्रजी नावाशी काडीचा संबंध दिसत नाही. त्या मानाने बेळगाव आणि बेळगावी ही सख्खी भावंडे म्हणायची. बेरिक नावाचे गाव तर थेट आपल्या भावकीतले. ते कधी स्कॉटलंडचे, कधी इंग्लंडचे, असे करत १४८२ पासून इंग्लंडकडे आहे. पण तिथला बेरिक रेंजर्स हा फुटबॉल क्लब आजही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो. सरहद्द कुणी का आखेना, चेंडू कुठे मारायचा ते गाव ठरवते.

उत्तर आयर्लंडात एका शहराला काही जण डेरी म्हणतात, काही लंडनडेरी. कोणाला दुखवायला नको म्हणून दोन्ही नावे मध्ये तिरकी रेघ मारून लिहायची रीत पडली आणि त्या रेघेवरूनच एका रेडिओ निवेदकाने गावाला 'स्ट्रोक सिटी' करून टाकले. आपल्याकडे हा तोडगा चालायचा नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला सीमेचा दावा आहेच; रेघ कोणत्या बाजूला झुकली आहे, यावर दुसरा उभा राहील.