थीमवाले भाऊजी

रायपुरात नवा फ्लॅट घेतलेला मराठी माणूस पूर्वी वास्तुशांतीच्या जेवणाला बोलवायचा. आता तो ‘थीम बघायला या’ म्हणतो. आमचे भाऊजी या जमातीचे पुढारी. उभी नोकरी बँकेत लोकांची गृहकर्जं मंजूर करण्यात गेली. निवृत्तीनंतर शंकरनगरात स्वतःच्या भिंती लाभल्या आणि तेव्हापासून रिकामी भिंत दिसली की त्यांना चैन पडत नाही. “भिंत बोलली पाहिजे,” ते म्हणतात. त्यांच्या घरी भिंती एवढ्या बोलतात, की पाहुण्याला चहा मागायलाही सवड मिळत नाही.

चित्रनिवडीची पद्धत पक्की आहे. सोफ्याच्या कापडाचा तुकडा कायम पाकिटात. प्रदर्शनात गेले की आधी तो चित्राशेजारी धरायचा, चित्रकाराचं नाव नंतर. रंग जुळला तर चित्र ‘गहन’, नाही जुळला तर ‘थोडं डार्क’. हॉलची थीम ‘ध्यान’, म्हणून तिथे रझांच्या बिंदूची छापील प्रत. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले. रायपूरही तेव्हा त्याच मध्य प्रांतात. एवढ्या आधारावर भाऊजी त्यांना ‘आमचे गाववाले’ म्हणतात. भाऊजींच्या आईंनी चष्मा पुसून तो काळा गोल नीट पाहिला आणि विचारलं, “दृष्ट लागू नये म्हणून लावलाय का रे?”

शेजारचं अमूर्त चित्र इलेक्ट्रिशियननं उलटं टांगलं. पुढे भाच्याला चित्रकाराची सही वरच्या कोपऱ्यात, डोक्यावर उभी असलेली दिसली. भाऊजी हलले नाहीत. “न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमात १९६१ साली मातीसचं चित्र ४७ दिवस उलटं होतं. आपलं दोन महिने टिकलं!”

जेवणघराची थीम बस्तर. त्यासाठी ते कोंडागावला जाऊन ढोकऱ्याचा घोडा घेऊन आले. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळायचे, वरून माती लिंपायची, भट्टीत मेण वितळवायचं आणि त्या जागी पितळ ओतायचं. मग साचा फोडूनच मूर्ती बाहेर. भाऊजींना मात्र दोन्ही बाजूंना सारखे घोडे हवे होते. कारागीर हसून म्हणाला, “साहब, सांचा तो टूट गया.” भाऊजींनी याला कारखानदारीचा अभाव म्हटलं. तो एकटा घोडाही कामवालीनं दिवाळीत चिंच लावून असा लखलखीत केला, की त्या कोपऱ्याची थीम आता ‘समृद्धी’ आहे.

त्यांचा खरा पराक्रम बाल्कनीतला. सरगुजातल्या पुहपुट्रा गावच्या सोनाबाई रजवारांबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं. नवऱ्यानं वर्षानुवर्षं घराबाहेर पडू न दिलेली ही बाई. पोराला खेळणी नव्हती म्हणून तिनं मातीची पाखरं-जनावरं केली. ऊन अडावं म्हणून बांबूच्या कांबींची कडी बांधून, माती लिंपून जाळ्या उभ्या केल्या. शिकवायला कोणी नाही, बघायला कोणी नाही. १९८३ साली तिला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. घर सजवणं म्हणतात ते हे, असं माझं प्रामाणिक मत. भाऊजींचंही हेच मत. म्हणून त्यांनी पीओपीवाल्याला बोलावून मोबाइलवरचा फोटो दाखवला. “बिलकुल ऐसाच, लेकिन वॉशेबल.” पोपटाच्या जागी बगळा झालाय, पण रंग पडद्याशी जुळतो.

ताई हे सगळं निमूट सोसते. तिचा एकच हट्ट: स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं कालनिर्णय हलणार नाही. “चतुर्थी काय तुमच्या बिंदूत बघू?” या मुद्द्यावर आठवडाभर अबोला चालला. अखेर भाऊजींनीच माघार घेतली, कालनिर्णयाला ‘लोककला’ म्हणून मान्यता दिली आणि काच बसवलेली सागवानी फ्रेम करून आणली. हल्ली महिना बदलला की ताई स्क्रूड्रायव्हर शोधत फिरते.