पवनीला काशी म्हणू नका

महाराष्ट्रात काशीला तोटा नाही. कोल्हापूर दक्षिण काशी, पैठण दक्षिण काशी, वाईसुद्धा दक्षिण काशीच. नाशिकने दिशा बदलून पश्चिम काशी व्हायचं ठरवलं. भंडारा जिल्ह्यातली पवनी दिशांच्या भानगडीत न पडता थेट 'विदर्भाची काशी' झाली. खुद्द काशीकरांनी मात्र स्वतःला 'उत्तरेची पवनी' म्हणवून घेतल्याचं ऐकिवात नाही. माझं म्हणणं असं की या पदवीने पवनीचं नुकसानच झालं. 'काशीस जावे नित्य वदावे' अशी आपल्याकडे सोय आहे. नुसतं म्हटलं तरी पुण्य लागतं. पवनीला काशी म्हटल्याबरोबर ही सोय तिलाही लागू झाली. त्यामुळे नागपूरकर वाराणसीचं आरक्षण वेळेत करतो आणि उमरेड-भिवापूरच्या रस्त्यावरच्या पवनीबद्दल 'एकदा जायचंय' असं वर्षानुवर्षं नित्य वदतो.

जो खरंच जातो, तो डोळ्यांत काशी घालून जातो आणि हिशेब मांडत बसतो. देवळं? गल्लोगल्ली, शिवाय विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणपती. घाट? आहेत, दगडी पायऱ्यांचे. गंगा? वैनगंगेच्या नावातच आहे, आणि पुढे वर्धेला भेटून, प्राणहिता होऊन ती गोदावरीला, म्हणजे दक्षिणगंगेलाच मिळते. कागदपत्रं पूर्ण आहेत. पण काशी ज्यामुळे अंगावर येते, ते इथे सापडत नाही. घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला आरतीची वेळ विचारावी, तर ती आधी विचारणार, "कोणाकडं आलात जी?" कोणाकडेच न येता माणूस नुसता बघायला येतो, हे तिला पटत नाही. गंगेचा वेग आवरायला शंकराला जटा सोडाव्या लागल्या. इथे नदीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं ३३ दारांचं धरण आहे. पावसाळ्यात घाटाच्या किती पायऱ्या दिसायच्या, यात त्या दारांचाही हात असतो. जटेचं काम पाटबंधारे खात्याने घेतलं, तेही आधी इशारा देऊन, हा सुधार मानायलाच हवा.

यावर कुणी म्हणेल, मोठं नाव आहे म्हणून तर चार माणसं वाकडी वाट करून येतात. येतात खरी, पण काशीच्या मापाने दोन देवळं उरकतात आणि वाघ बघायला कऱ्हांडल्याच्या जंगलाकडे वळतात. राहते ती जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती खणली, तेव्हा जगन्नाथाच्या नावाखाली दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. तिथल्या एका खांबावर कथेत बुद्धावर फणा धरणारा नागराज कोरलेला आहे आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचं नावही: मुचरिंद. येणाऱ्याला कळावं म्हणून पाथरवटाने तेव्हाच पाटी लावली. आपल्याला अजून ती सवय लागायची आहे. 'मग सारनाथ काशीजवळच नाही का, साम्य सिद्धच झालं,' असा पुढचा मुद्दा येईल. मान्य. पण सारनाथला जायला रिक्षावाल्याशी वेगळी घासाघीस करावी लागते. पवनीत स्तूप आणि देवळं एकाच गावच्या वेशीत नांदतात. शिवाय पवनीला काशी म्हणणारे पुरावा म्हणून देवळं मोजतात, घाट मोजतात, पण स्तूपाचं नाव काढत नाहीत. जे एकमेव भक्कम साम्य, तेच यादीतून गळलेलं.

जायचंच तर हिवाळ्यात जावं आणि आधी टेकडी गाठावी. देव दिवसभर देवळातच असतात. भंडाऱ्याचं ऊन मात्र मे महिन्यात, पुण्य लागायच्या आधी लागतं.