बायोडेटात मोलगी

पुण्यातल्या क्लासवाल्यांची आगाऊ माफी मागून एक प्रस्ताव मांडायचा आहे. ज्याला बिझनेस ॲनालिस्ट व्हायचं आहे, त्याला पहिले सहा महिने मोलगीला पाठवावं. मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, देवगोईचा घाट चढून गेल्यावर लागणारं सातपुड्यातलं बाजाराचं गाव. तिथे हिंजवडीसारखी काचेची इमारत नाही, मजल्यामजल्यावर कॉफीचं यंत्र नाही, आणि आसपासच्या पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळेलच असं कोणतीही कंपनी लिहून देणार नाही. एवढं मान्य करूनही प्रस्ताव कायम आहे. या पेशाचं मुख्य काम म्हणून जे सांगितलं जातं, ते शिकायला हिंजवडीत फारशी सोय उरलेली नाही. मोलगीत मात्र ते काम वर्षानुवर्षं कुणी हात न लावता पडून आहे.

ज्यांची मुलं, भाचे, पुतणे अजून या वाटेला लागलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सॉफ्टवेअरच्या जगात पैसे देणारा एक, सॉफ्टवेअर लिहिणारा दुसरा आणि ते रोज वापरावं लागणारा तिसरा. या तिघांची सहसा गाठ पडत नाही. मधे जो बसतो तो ॲनालिस्ट. त्यानं तिसऱ्याला जाऊन विचारायचं की बाबा, तुझी अडचण काय. ती नीट लिहून काढायची, पहिल्याची सही घ्यायची आणि कागद दुसऱ्याच्या हाती ठेवायचा. या कामाची रीतसर जागतिक संस्था आहे, २००३ मध्ये कॅनडात टोरांटोला स्थापन झालेली. तिचा ‘बॅबॉक’ नावाचा जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ आहे आणि २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात पन्नास तंत्रं सांगितली आहेत. मुलाखत कशी घ्यावी, काम चालू असताना शेजारी उभं राहून निरीक्षण कसं करावं, आणि खरं कारण हाती लागेपर्यंत पाच वेळा ‘का’ कसं विचारावं, हेही त्यात आहे. ग्रंथ चांगला आहे. अडचण क्लासची आहे. तिथे विश्लेषणासाठी जी गोष्ट दिली जाते ती बहुधा घरबसल्या पिझ्झा मागवण्याची असते. त्या गोष्टीतल्या माणसाला पिझ्झाच हवा असतो, त्याच्याकडे पैसे असतात, पत्ता असतो, रेंज असते, आणि तो कधीही खोटं बोलत नाही. अशा माणसाला विचारायचं तरी काय? मग पोरं उरलेला वेळ चौकटी आणि बाण काढण्यात घालवतात, आणि शेवटी ‘फ्रेशर पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशा जाहिरातीसमोर येऊन उभी राहतात.

आता हाच विद्यार्थी उन्हाळ्यात मोलगीच्या बाजारात उभा करा. आमचुराचे दिवस आहेत. गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून उन्हात घालायच्या. घरोघरच्या बायका या कामाला जुंपलेल्या. फोड पांढरी आणि खडखडीत वाळलेली असली तर भाव बरा. मधेच वळवाचा पाऊस आला, फोड काळवंडली, की भाव बसला. पोतं घेऊन आलेल्या बाईला काय हवं आहे? नवशिक्याचं उत्तर तयार असतं: बाजारभाव दाखवणारं ॲप. इथे ग्रंथातला पहिला ‘का’ काढावा. भाव कळून ती करणार काय? दुसऱ्या बाजारात माल न्यायचा तर घाट उतरायचं गाडीभाडं कोण देणार? भाव वाढेपर्यंत थांबायचं तर पावसाळा तोंडावर असताना एवढा माल कोरडा राहील अशी जागा घरात किती? आणि ज्याच्याकडून तेल-मीठ उधारीवर आलं असेल त्याला डावलून दुसऱ्याच्या काट्यावर पोतं ठेवता येईल का? चौथ्या ‘का’पर्यंत ॲप कुठल्या कुठे गेलेलं असतं आणि वहीत राहतात ताडपत्री, कोरडी खोली आणि हंगामापुरतं हातउसनं. नंदुरबारच्या आमचुराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे नावाला किंमत आली. त्या किमतीतला किती भाग घाट चढून सोलणाऱ्या हातापर्यंत येतो, हा एकच प्रश्न सहा महिन्यांच्या उमेदवारीला पुरून उरेल. सॉफ्टवेअर कंपनीला अशी यादी आवडणार नाही हे उघड आहे. ताडपत्रीचं वार्षिक परवाना शुल्क आकारता येत नाही.

शिकण्यासारखं दुसरं प्रकरण सरकारनंच फुकट उपलब्ध करून दिलं आहे. २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करायला सुरुवात केली. तक्रारी साध्या होत्या: फोन जुनाट, साठवण अपुरी, वापरता वापरता बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि ॲप इंग्रजीत. यातली एकही गोष्ट शोधायला पन्नास तंत्रं लागत नाहीत. एखाद्या सेविकेच्या शेजारी अर्धा दिवस बसलं असतं तरी भागलं असतं. नंतर ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या. म्हणजे सेविकांनी आंदोलन करून जी माहिती दिली ती आधी विचारून मिळवता आली असती. मोलगीत त्या अर्ध्या दिवसाचं रूपांतर आठवड्यात झालं असतं, कारण इथे सेविका आईशी नोयरीत किंवा देहवालीत बोलते, रजिस्टर मराठीत लिहिते आणि वरून आलेला शब्द इंग्रजी असतो. घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं की मूल कोणत्या रकान्यात टाकायचं, हे तिला दरसाल ठरवावं लागतं. ज्याला कंपनीच्या भाषेत ‘अपवादात्मक स्थिती’ म्हणतात, ती इथे दिवाळी ते होळी चालते.

रोजगार हमीचं प्रकरण तर अभ्यासक्रमात सक्तीचं करावं इतकं देखणं आहे. हजेरीत खोटेपणा होतो म्हणून केंद्रानं ‘नॅशनल मोबाईल मॉनिटरिंग सिस्टीम’ आणली. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडली तर, सगळीकडे दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवणं बंधनकारक झालं. ज्या डोंगरात रेंजसाठी टेकडी गाठावी लागते तिथे याचा अर्थ काय होतो, हे निराळं सांगायला नको. पुढे जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून कबूल केलं की भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून पाठवला जात आहे, सकाळच्या आणि दुपारच्या फोटोतली माणसं जुळत नाहीत. उपाय काय? ग्रामपंचायतीनं सगळे फोटो माणसाकरवी तपासावेत, तालुक्यानं वीस टक्के, जिल्ह्यानं दहा, राज्यानं पाच. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून माणसं बसवली. मूळ खोटेपणा कोण करतो आणि कशासाठी करतो, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारायचा राहून गेला. नवशिक्या ॲनालिस्टनं हे परिपत्रक जवळ बाळगावं. न विचारलेल्या प्रश्नाचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे त्यात सरकारी भाषेत, तारीखवार मिळतं.

यावर कुणी म्हणेल, सरकारी कारभाराचे हे नमुने नेहमीचेच. खासगी आणि जागतिक पातळीवर काम चोख असतं. त्यांच्यासाठी मोलगीच्या पलीकडे नर्मदेच्या काठावर आणखी मोठा धडा ठेवलेला आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्यात बाधित होणार होती. जागतिक बँकेकडे अर्थतज्ज्ञ होते, अभियंते होते, कागद भरपूर होता. लोकांचा विरोध वाढल्यावर बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती नेमली, आणि जून १९९२ च्या तिच्या अहवालाचा गोषवारा असा की प्रकल्पाचा माणसांवर काय परिणाम होईल याचा पुरेसा अभ्यास मंजुरीआधी झालाच नव्हता, आणि बुडणाऱ्यांत मोठ्या संख्येनं आदिवासी आहेत याची दखलही मूल्यमापनात घेतली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतार कसणारा माणूस, सातबारावर नाव नाही म्हणून, कागदावर अतिक्रमणदार ठरत होता. गरजांच्या दस्तऐवजात एक रकाना कमी पडला आणि त्या रकान्यात राहणारी गावं नकाशावरून गेली. मार्च १९९३ मध्ये बँक बाहेर पडली. पुढे पाणी चढलंच. वेळेवर न झालेलं विश्लेषण सात वर्षांनी, वकिली दर्जाच्या इंग्रजीत, उत्कृष्ट रीतीनं झालं, एवढं श्रेय मात्र द्यायला हवं.

मग आक्षेप येतो कौशल्यांचा. एसक्यूएल येत नाही, डॅशबोर्ड बनवता येत नाही, इंग्रजी अडखळतं, अशा उमेदवाराला सहा महिने सातपुड्यात ठेवून कोण नोकरी देईल? आक्षेप खरा आहे आणि ही कौशल्यं शिकावीच लागतील. पण ती काही महिन्यांत, चिकाटी असेल तर मोबाईलवरही, शिकता येतात. डॅशबोर्डचीच हौस असेल तर नंदुरबारइतका श्रीमंत जिल्हा सापडणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्हा झाला आणि तेव्हापासून ४९ निर्देशांकांवर त्याची प्रगती मोजून क्रमवारी लागते. मोजमापाच्या बाबतीत हा जिल्हा मुळीच मागास नाही. आकडा हलला तर तो कशानं हलला, हे पाड्यावर जाऊन विचारणारं माणूस तेवढं कमी आहे, आणि त्या जागेची जाहिरात अजून कुणी दिलेली नाही.

शिवाय हल्ली सांगितलं जातं की कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता गरजांचा दस्तऐवज यंत्र पाच मिनिटांत लिहून देतं, तेव्हा हा पेशाच संपला. पेशातला जो भाग संपला तो चौकटी आणि बाणांचा होता, आणि त्याबद्दल शोक करण्याचं कारण नाही. यंत्राला पिझ्झाची गोष्ट तोंडपाठ आहे. दुकानदाराच्या काट्यावर उधारीपोटी कापलेले पैसे बाई कुणासमोर सांगते आणि कुणासमोर गप्प बसते, हे त्यानं वाचलेलं असण्याची शक्यता कमी, कारण ते कुणी लिहिलेलं नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप निराळाच आहे: हे म्हणजे शहरी पोरांच्या बायोडेटासाठी गरिबांच्या दारात सहल काढणं. हा आक्षेप मान्य. म्हणून प्रस्तावात दोन दुरुस्त्या. पहिली अशी की क्लासवाले जी फी घेतात तेवढीच फी शिकवणाऱ्यांना, म्हणजे मोलगीच्या सेविकांना, आमचूर सोलणाऱ्या बायांना आणि रोहयोच्या मजुरांना मिळावी. तज्ज्ञांच्या वेळेचा तासाचा दर असतो, हे हिंजवडीला समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी दुरुस्ती अधिक सोयीची आहे. पुण्याहून कुणाला पाठवण्याआधी मोलगीच्याच ज्या पोरापोरींनी जळगावच्या विद्यापीठाची पदवी घेतली आहे त्यांच्याकडे पाहावं. घरी नोयरी, शाळेत मराठी, मजुरीला गुजराती आणि अर्जावर इंग्रजी, अशा चार भाषांत ती वाढलेली आहेत. वनहक्काचा दावा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात सुटलेलं नाव, यांतलं गावाचं म्हणणं कार्यालयाला आणि कार्यालयाचं म्हणणं गावाला समजावत ती मोठी झाली. कुणाचा अर्ज कशामुळे परत आला आणि पुढच्या वेळी काय लावायचं, हे त्यांना पाठ असतं. हेच काम वातानुकूलित खोलीत केलं तर त्याला ‘संबंधित घटकांशी समन्वय’ म्हणतात आणि मुलाखतीत त्याचे गुण मिळतात. मोलगीचा उमेदवार मात्र अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहितो, कारण क्लासमध्ये त्याला तसंच शिकवलेलं असतं.

ते शून्य खोडायचं म्हटलं तर कंपनी अनुभवाचा दाखला मागणार, आणि दाखल्यावर सही कुणाची हा खरा पेच आहे. ज्या आजीच्या निराधार योजनेचं प्रकरण त्यानं चार फेऱ्यांत मार्गी लावलं असेल, ती अंगठा देईल. पण मनुष्यबळ विभागाच्या अर्जात अंगठ्याची सोय नाही. तिथे फक्त अधिकृत ईमेल पत्ता चालतो.