साकोलीतील स्वतंत्र गायकासाठी रसिकसंपादन व गीतविक्रीचे शास्त्र

कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करारबद्ध नसलेला आणि पदरमोड करून मुद्रित केलेले गाणे स्वतःच विकू पाहणारा गायक म्हणजे स्वतंत्र कलावंत, अशी या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या आहे. या व्याख्येनुसार भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात खडी गंमतीचा शाहीर, दंडार या लोकनाट्यातला गाणारा आणि भजनी मंडळाचा बुवा हे सर्वच पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र ठरतात. मात्र त्यांना तसे कोणी कळविलेले नाही. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्या नातवंडांसाठी आहे.

साधकाने प्रथम वितरक गाठावा. स्पॉटिफायसारख्या मंचावर (ही सेवा भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली) गायकाला आपले गाणे सहसा थेट ठेवता येत नाही. वार्षिक शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा घेऊन ते काम करणाऱ्या मध्यस्थास वितरक म्हणतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणास १२ अक्षरांकांचा एक आंतरराष्ट्रीय संकेत मिळतो, त्यायोगे ते जगात कोठेही वाजले तरी ओळखता येते. गाण्याचे नाव भरताना मात्र साधकाची पहिली परीक्षा होते. साकोलीकर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, त्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण नाहीत. तेव्हा शीर्षकात ‘पानी’ लिहिल्यास पुण्याचा श्रोता ते अशुद्ध समजणार आणि ‘पाणी’ लिहिल्यास गावचा श्रोता गायक शिकून बिघडला असे समजणार. शास्त्रानुसार दोन्ही नावांनी गाणे प्रसिद्ध करावे आणि दोन्हीकडून बोलणी खावीत.

यानंतर उत्पन्नाचा विचार करणे प्राप्त आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकले गेलेले गाणे मानधनास पात्र होत नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन; पाच मिनिटांचे गाणे धरल्यास ते शेवटपर्यंत ४८,००० वेळा पाहिले जावे लागते. ही अट कठोर वाटते खरी, पण झाडीबोलीच्या या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, रात्री दहाला सुरू होऊन पहाटे पाचपर्यंत चालणारे नाटक थंडीत कानाला मफलर बांधून ६०० माणसांनी पाहिले, तर एका रात्रीत ४,२०० तास भरतात, तेही तिकीट काढून. हा हिशेब साधकाने मनात आणू नये. त्याने साधनेवरील श्रद्धा ढळते.

श्रद्धा दृढ राहावी यासाठी केविन केली या अमेरिकी लेखकाचा २००८ मधील सिद्धान्त उपयोगी पडतो. वर्षाकाठी प्रत्येकी १०० डॉलर नफा देणारे १,००० निष्ठावान चाहते मिळाले की कलावंताचे घर चालते, असे त्याचे प्रतिपादन होते. साकोलीसारख्या गावात १,००० निष्ठावान जमविणे मुळीच अवघड नाही, कारण मामेभाऊ, साडभाऊ, जुने वर्गमित्र आणि त्यांचे सोयरे मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. अडचण एवढीच, की निष्ठावान माणूस गाणे विकत घेणे हा आपुलकीचा अपमान समजतो. तो व्हॉट्सॲपवर गाणे मागून घेतो, पुढे चाळीस जणांना पाठवितो आणि आपण प्रसिद्धी केली म्हणून चहाची अपेक्षा ठेवतो. या ऐकण्याची नोंद कोठेच होत नाही. पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, तेव्हाही ही नोंद होत नसे. पण निदान दुकानदाराचे तरी पोट भरे.

याबाबतीत रेडिओहेड या इंग्रज वाद्यवृंदाचे उदाहरण आवर्जून दिले जाते. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याने ‘इन रेनबोज’ हा संग्रह ‘वाटेल ती किंमत द्या’ या तत्त्वावर आंतरजालावर ठेवला आणि संगीतव्यवसायात क्रांती झाल्याचे जाहीर झाले. खडी गंमतीत (उभ्याने सादर होणाऱ्या, शाहीर, ढोलकी, नाच्या आणि गमत्या यांच्या या लोकनाट्यात) प्रेक्षक नेहमीच वाटेल ती किंमत देत आला आहे. फरक असा, की तेथे नोट हाती पडताच शाहीर गाणे थांबवून देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम मोठ्याने पुकारतो. पुकार झाली की समोरच बसलेल्या त्याच्या व्याह्यास दुप्पट देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. यूपीआयने दिलेले पैसे मुकाट्याने खात्यात जमा होतात, व्याह्याला पत्ता लागत नाही आणि स्पर्धा जागच्या जागी विझते. ढोलकीवर क्यूआर संकेत चिकटविणाऱ्याने म्हणूनच पुकारणारा माणूसही ठेवावा. आधुनिक मंचांनी बटणे पुष्कळ दिली, व्याही मात्र दिला नाही, ही त्यांच्या रचनेतील मोठी उणीव मानावी लागेल.

स्वामित्वहक्क कायद्याबाबत थोडक्यात: २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीताच्या गीतकारास व संगीतकारास स्वामित्वधनाचा वाटा राखून दिला असून, असे धन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून अस्तित्वात आहे. ज्या साधकाने लोकप्रिय हिंदी चालीवर गावरान शब्द बसविले आहेत, त्याने हा परिच्छेद वगळावा. यूट्यूबची चाल ओळखणारी यंत्रणा त्यास तो योग्य वेळी वाचून दाखवील.

राहता राहिला मुहूर्त. जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा संकेत २०१५ पासून रूढ आहे, पण झाडीपट्टीत वार पाहून भागत नाही. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, म्हणजे घरोघरी पाहुणे, चौकात दंडार, रस्त्याच्या कडेला शिंगाड्यांचे ढीग आणि रात्री नाटक. अशा दिवसांत प्रसिद्ध झालेले गाणे कोणी ऐकत नाही, कारण सगळे गाणे ऐकायला गेलेले असतात. गाणे दसऱ्याच्या आसपास सोडावे आणि त्याखालच्या वर्णनात कवितेऐवजी चालू मोबाइल क्रमांक द्यावा. या क्रमांकावर मंडईच्या आठवडाभर आधी, बहुधा रात्री अकरानंतर, एखाद्या गावच्या आयोजन समितीचा फोन येतो. सदस्यसंख्या किती, गाणे किती वेळा ऐकले गेले, हे तिकडून विचारले जात नाही. ढोलकीवर कोण बसतो, इसार किती पाठवायचा आणि जेवायला माणसे किती असतील, एवढेच विचारले जाते, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साधकाने दोन माणसे वाढवून द्यावे.