एकवीस हजारांत कसं बसावं

गरीब कुणीही होतं. कागदावर गरीब राहायला अभ्यास लागतो. केळशीहून दापोलीला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निघणाऱ्या नवशिक्यांनी आधी एवढंच ठरवावं: आपल्याला कुठल्या एकवीस हजारांत बसायचंय?

मुंबईला कारखान्यात असलेल्या चिरंजीवांना कामगार विमा, म्हणजे ईएसआय हवा, तर पगार महिना 21 हजारांच्या आत लागतो. गावातल्या त्यांच्या विधवा काकूंना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे हवेत, तर उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत. आकडा तोच! महिना आणि वर्ष यांत गल्लत करू नका.

आधी काकूंचं बघू. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये होतात. नारळ परसातलाच वापरावा; पाडणाऱ्याची मजुरी हिशोबात घेऊ नये, तिथेच गणित कोसळतं. योजनेचे दरमहा 1,500 सुरू झाले की वर्षाचे 18 हजार होतात. ते उत्पन्नात धरायचे का, असं खिडकीवर विचारू नये. समोरचा विचारात पडला तर आपलंच काम अडतं.

चिरंजीवांचं प्रकरण जास्त नाजूक. 1948 चा कायदा आला तेव्हा पगाराची मर्यादा होती 400 रुपये. 2010 मध्ये ती 15 हजार झाली, 2017 च्या जानेवारीत 21 हजार. महागाई रोज चालते; मर्यादा वर्षानुवर्षं बसून राहते आणि मग एकदम उडी मारते. मधल्या काळात शेठने खूश होऊन हजारभर वाढवले तर घाबरून जाऊ नका, तारीख विचारा. वाढ 1 एप्रिलपासून लागून पगार मर्यादेबाहेर गेला, तर वर्गणी तिथेच थांबली, विमा पुढे काही महिनेच उरतो. तीच मे महिन्यापासून घेतली तर वर्गणी 30 सप्टेंबरपर्यंत चालते आणि विमाही तितका लांबतो. म्हणजे वडिलांचा मोतीबिंदू तेवढ्यात उरकून घेता येतो. जादा कामाचे पैसे मर्यादेत धरत नाहीत, पण पाऊण टक्का वर्गणी मात्र त्यांवरही कापतात. हा न्याय समजून घेण्याच्या भानगडीत नवशिक्यांनी पडू नये.

पिवळ्या रेशनकार्डाच्या वाटेला तर जाऊच नये. 1999 मध्ये तिरंगी कार्डं आली, तेव्हा पिवळ्यासाठी वर्षाला 15 हजारांची मर्यादा होती आणि घरात टेलिफोन नसावा अशी अटही. मर्यादा तिथेच बसून आहे; केळशीची वाळूची टेकडीसुद्धा तेवढ्यात झिजली. अर्ज भरताना खिशातला मोबाइल बंद ठेवावा, एवढंच सांगतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ही विद्या आता लागत नाही. 2023 च्या निर्णयाने ती सुखवस्तूंच्या पांढऱ्या कार्डालाही खुली झाली. आमच्यासारख्या जाणकारांचं एक गिऱ्हाईक गेलं म्हणायचं.

दाखला हातात पडला की स्टँडवर मिसळ खाऊ नका, घरी येऊन पेज प्या. दापोलीत कुणीतरी ओळखीचं भेटतंच.