म्हणतात एक, करतात भलतंच

ॲप तयार झालं की डिझाइनर चार माणसांना बोलावतो, हातात फोन देतो आणि म्हणतो, "अगदी मोकळेपणाने सांगा हं!" इथेच घोळ सुरू होतो. भिडस्त माणूस 'छान आहे' म्हणून सुटतो. उरलेल्यांपैकी एकाला बटण मोठं हवं असतं, दुसऱ्याला बटणच नको असतं. यजमानाने विचारल्यावर पाहुणा भाजीला 'फक्कड' म्हणणारच. ती कशी झाली होती, हे त्याच्या पानात काय उरलं त्यावरून कळतं.

गूगलने एकदा लोकांना विचारलं, शोधल्यावर एका पानावर किती निकाल दाखवू? लोक म्हणाले, दहापेक्षा जास्त. फुकटच तर होते! मग काहींना खरोखरच 30 निकाल दाखवले, तर त्या मंडळींचं शोधणंच 20 टक्क्यांनी घटलं. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या मरिसा मायर यांनी 2006 साली त्याचं कारण सांगितलं. दहा निकालांचं पान 0.4 सेकंदात यायचं, तिसांचं 0.9 सेकंदात. अर्ध्या सेकंदात लोकांचा धीर सुटत होता. 'आपण इतके उतावळे आहात का?' असं विचारलं असतं, तर एकानेही हो म्हटलं नसतं.

मायर यांनीच सांगितलेला आणखी एक किस्सा याच्या अगदी उलट आहे. गूगलच्या सुरुवातीच्या चाचणीत लोक त्या जवळजवळ कोऱ्या पानासमोर नुसते बसून राहिले. तक्रार नाही, सूचना नाही. का थांबलात? तर म्हणे, बाकीचं पान यायची वाट बघतोय! मग पान इथेच संपतं हे कळावं म्हणून तळाशी कॉपीराइटची ओळ टाकली. ही सूचना कुणीच केली नव्हती, आणि अमलात आणण्याजोगी तीच होती.

आरडाओरड्याचं काय करायचं? सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली आणि मित्रांची बित्तंबातमी एका जागी दिसू लागली. लाखो लोक निषेधाच्या गटात सामील झाले. गंमत अशी, की त्या गटाची खबर लोकांना न्यूज फीडनेच पोचवली! फेसबुकने गोपनीयतेचे पर्याय वाढवले. फीड मात्र हलवली नाही.

2018 मध्ये स्नॅपचॅटने रूप पालटलं, तेव्हा जुनं परत आणा म्हणून 12 लाखांवर सह्या झाल्या. होईल सवय, असं कंपनीला वाटलं. लोकांनी मात्र ॲप उघडणंच कमी केलं. एका तिमाहीत रोजचे वापरकर्ते 19.1 कोटींवरून 18.8 कोटींवर आले आणि बरेच बदल मागे घ्यावे लागले.

तेव्हा वाचकहो, एक तारा देऊन 'जुनंच बरं होतं' असं लिहिलंत, तर निदान त्या दिवशी तरी ते ॲप पुन्हा उघडू नका. तिकडे तेवढंच मोजतात.