घामाची पंधरा क्रेडिट्स

न्यू जर्सी राज्याला माझ्या नातीकडून गणिताची १५ क्रेडिट्स हवी आहेत आणि घामाचीही १५ च. ज्याने जन्मभर पोरांना त्रैराशिक घोकायला लावलं, त्याला ही बातमी एका कपात पचत नाही. मी सूनबाईंकडे अर्धा कप चहा आणखी मागितला.

हिशेब तसा साधा आहे. इथलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शेवटी डिप्लोमा हवा असेल, तर राज्याच्या नियमाप्रमाणे किमान १२० क्रेडिट्स जमवावी लागतात. वर्षभर चालणाऱ्या एका विषयाची पाच. इंग्रजी चारही वर्षं, म्हणून २०. गणित १५, विज्ञान १५, इतिहास वगैरे समाजशास्त्रं १५. इथपर्यंत आपल्या बोर्डालाही मान्य व्हावं. पुढे मात्र 'आरोग्य, सुरक्षितता आणि शारीरिक शिक्षण' असं एक लांबलचक नाव येतं आणि त्याला दरवर्षी पावणेचार. पावकी-निमकी पाठ असलेल्यांना बोटं मोजायला नकोत: चार वर्षांचे बरोबर १५.

खरी मेख पुढेच आहे. गणित तीन वर्षांत उरकलं की राज्य तुमच्या मागे लागत नाही. शेवटच्या वर्षी गणिताला रामराम ठोकलात तरी कायद्याची हरकत नाही. जिम मात्र शाळेत आहात तितकी वर्षं, आठवड्याला १५० मिनिटं. बारावीतली मुलगी कॅल्क्युलस टाळू शकते, बॅडमिंटन टाळू शकत नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या शाळेचं वेळापत्रक मी कित्येक वर्षं केलं. मोठा कार्डशीट, चार रंगांच्या पेन्सिली, एक खोडरबर आणि जून महिन्यात ओढवून घेतलेलं शत्रुत्व. कुणाला शेवटचा तास नको, कुणाला शनिवारी सकाळचा पहिला नको. मराठीच्या बाईंना मधल्या सुट्टीनंतरचा तास दिला की त्या आठवडाभर बोलत नसत. पण या सगळ्या रणधुमाळीत एक गोष्ट कधी वादाची झाली नाही. दहावीचा पी.टी.चा तास कागदावर पी.टी.चा असायचा आणि दिवाळीनंतर तो गणिताला मिळायचा. त्यासाठी अर्ज नव्हता, सही नव्हती. पी.टी.चे सर शिट्टी खिशात घालून स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसायचे. परवा त्यांना फोन करून इथला नियम सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मग माझे तेवढे तास परत करा."

इथे फेब्रुवारीत, बाहेर बर्फ साचलेलं असताना, अकरावीतल्या मुलांना पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे असतात. अकरावी म्हणजे ज्युनियर आणि बारावी म्हणजे सीनियर. कॉलेज प्रवेशाचे अर्ज सीनियर इयरच्या सुरुवातीलाच जातात, त्यामुळे या निवडीला आमच्या घरी बैठकीचं स्वरूप आलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी नातीचा ट्रान्सक्रिप्ट, माझा मुलगा अध्यक्षस्थानी. नात मधूनमधून फ्रिज उघडून बंद करत होती.

पहिल्या दहा मिनिटांत उघड झालं ते असं, की राज्याने मागितलेल्या गोष्टींपैकी नेमक्या ज्यांना आमच्या घरात कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं, त्याच सगळ्या मागे राहिल्या होत्या. दृश्य आणि प्रयोगकला: पाच क्रेडिट्स, शिल्लक. आर्थिक साक्षरता: अडीच, शिल्लक. चौथं इंग्रजी, शिल्लक. आणि जिम, ती तर शिल्लक राहणारच. तीन वर्षं दरवेळी 'कला पुढच्या वर्षी बघू' म्हणून त्या जागी काहीतरी भारदस्त घेतलं गेलं होतं. स्पॅनिश झालेलं, प्रयोगशाळेतली विज्ञानं झालेली, कॉम्प्युटर झालेला. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूचं मीठ, लिंबू, चटणी तसंच ठेवून माणसाने नुसत्या जिलब्या उचलाव्यात आणि शेवटी यजमानाने सांगावं की डावी बाजू संपवल्याशिवाय पानावरून उठता येणार नाही, असा तो प्रकार.

मुलाने वही काढली. दिवसाचे आठ तास. एक जेवणाचा, उरले सात. इंग्रजी, जिम आणि कला काढून चार. आर्थिक साक्षरता अर्ध्या वर्षाची, म्हणजे साडेतीन. या साडेतीनात त्याला चार एपी बसवायचे होते: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, बायॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स. एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचा विषय, मे महिन्यात त्याची परीक्षा, गुण एक ते पाच. इकडच्या मराठी मंडळात मुलांची ओळख करून देताना वय सांगत नाहीत, किती एपी ते सांगतात.

"आर्थिक साक्षरता उन्हाळ्यात ऑनलाइन करून टाकू," मुलगा म्हणाला. पैसे कसे सांभाळावेत हे सुट्टीत कसंबसं उरकून टाकण्याची कल्पना मला फार व्यवहारी वाटली.

"आणि जेवणाचा तास?"

सूनबाईंनी मान वर केली. "काय जेवणाचा तास?"

"काही शाळांत सोडता येतो. पुष्कळ मुलं सोडतात. वर्गात सँडविच खातात."

"ती जेवेल," सूनबाई म्हणाल्या. एवढंच. ठराव बारगळला.

मुलाच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. राज्याची यादी ही डिप्लोमाची किमान अट आहे. कॉलेजं त्या यादीकडे ढुंकूनही बघत नाहीत. अर्जासोबत काउन्सेलर शाळेतर्फे जो अहवाल पाठवतो त्यात एक प्रश्न असतो: शाळेतल्या इतर मुलांच्या मानाने या मुलाने किती अवघड विषय घेतले? उत्तराच्या सगळ्यात वरच्या चौकोनात खूण व्हावी म्हणून निम्म्या गावाची झोप उडालेली असते. शिवाय अर्ज गेल्यावर, अगदी प्रवेश मिळाल्यावरही ढिलाई चालत नाही. सहामाहीचे गुण कॉलेजकडे जातात, वर्षअखेरचेही जातात, आणि फार घसरण दिसली तर कॉलेज दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतं. म्हणजे मुलीला दोन मालक आहेत. एकाला ती धडधाकट, चार पैसे सांभाळणारी, एखादं चित्र काढू शकणारी नागरिक व्हायला हवी आहे. दुसऱ्याला ती अवघड हवी आहे. बापाने दुसऱ्याची नोकरी धरली यात नवल नाही, त्याने स्वतःही तीच केली होती. पण दोघांत सभ्य मालक कोणता, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सरकारचं नाव घेतलं असतं. सरकारविषयी असं बोलायची वेळ आयुष्यात फारशी आली नाही, म्हणून नोंद करून ठेवतो.

विचारलं कुणी नाही. मी दुपारच्या निवांतपणात ही क्रेडिटची भानगड आली कुठून ते वाचत बसलो, आणि जे सापडलं त्याने पेन्शनर माणसाचं काळीज सुपाएवढं झालं. याचं मूळ पेन्शनमध्ये आहे! पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेले अँड्र्यू कार्नेगी कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांना किती तुटपुंजा पगार मिळतो हे त्यांनी तिथे पाहिलं. १९०५ मध्ये त्यांनी एक कोटी डॉलर काढून दिले, कॉलेजच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून. पैसे आले, पण द्यायचे कुणाला? त्या काळी कुणीही उठावं आणि दारावर 'कॉलेज' अशी पाटी लावावी. तेव्हा एमआयटीचे अध्यक्ष राहिलेले हेन्री प्रिचेट या पैशांसाठी काढलेल्या कार्नेगी फाउंडेशनचे प्रमुख झाले आणि व्याख्या ठरली: प्रवेशाआधी मुलाकडून हायस्कूलची निदान १४ एककं मागतं ते कॉलेज. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. मग पेन्शनसाठी कॉलेजांनी अट घातली, अटीसाठी हायस्कूलांनी तास मोजायला घेतले, आणि शंभराहून जास्त वर्षांनी माझी नात टेबलाशी बसून पावणेचारचा हिशेब करते आहे. कुठल्या तरी लॅटिनच्या मास्तरांची म्हातारपणी सोय व्हावी म्हणून देशभराच्या पोरांचे तास मोजले गेले, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटला.

पुढची हकिगतही ओळखीचीच निघाली. कोटभर डॉलर पुरले नाहीत. १९१८ मध्ये टीआयएए नावाची वेगळी संस्था काढून प्राध्यापकांच्या पगारातूनही वर्गणी कापायला सुरुवात झाली. (१ नोव्हेंबर २००५ नंतर आपल्याकडे नोकरीला लागलेल्या मास्तरांना हे वाक्य समजावून सांगायला नको.) पेन्शन बदलली, तास मोजणं मात्र राहिलं. २०२३ मध्ये खुद्द कार्नेगी फाउंडेशननेच परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेला सोबत घेऊन, आता तास मोजण्यापेक्षा मूल काय शिकलं ते मोजूया, असं मनावर घेतलं. घेऊ देत. मी वेळापत्रकं केलेली आहेत. तास मोजता येतो, तेवढ्यासाठी तर तो टिकला.

संध्याकाळी हे सगळं मी घरात सांगितलं. मुलाने "इंटरेस्टिंग" म्हटलं. हा शब्द तो ऑफिसात कुणाचा मुद्दा निकालात काढायचा असेल तेव्हा वापरत असावा. नातीने मात्र विचारलं, "म्हणजे आबा, तुमची पेन्शन माझ्या जिमवर चालते?" मी म्हटलं, साधारण तसंच.

तिला मी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेची आठवण करून दिली. लहानपणी दर रविवारी कुरकुरत ती तिथे गेली आहे. न्यू जर्सीत २०१६ पासून डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर मिळते, इंग्रजीबरोबर दुसरी भाषा चांगली येते असं परीक्षेने दाखवलं तर. आणि ही परीक्षा मराठीचीही देता येते. मला वाटलं होतं आनंद होईल.

"त्याला क्रेडिट नाही, आबा. नुसता शिक्का."

"राज्याचा शिक्का आहे."

"पण शिक्का कुठल्याच तासात बसत नाही ना," ती म्हणाली, आणि वेळापत्रकवाला म्हणून मला ते लगेच पटलं. परीक्षा देणार आहे म्हणाली, पण आजीसाठी. आजी सांगलीत आहे आणि तिला हे अजून कळवलेलं नाही.

शेवटी वाद उरला दोन जागांचा. पहिली कलेची. नातीला सिरॅमिक्स हवं होतं, म्हणजे चाकावर मातीची भांडी. मुलाने तोपर्यंत शोधून काढलं होतं की एपी म्युझिक थिअरी घेतली तर कलेची पाच क्रेडिट्सही मिळतात आणि एपीचं वजनही पडतं. कलेतूनसुद्धा एपी पिळून काढायची ही युक्ती पाहून मला आमच्या स्टाफरूमची आठवण झाली.

"मला भांडं करायचंय, बाबा. परीक्षा नाही द्यायची."

दुसरी जागा गणिताची. कॅल्क्युलस बीसी की स्टॅटिस्टिक्स? इथे सगळे माझ्याकडे वळले. गणिताच्या मास्तराचा निकाल काय येणार हे मुलाने गृहीतच धरलं होतं. मी म्हणालो, स्टॅटिस्टिक्स घेऊ दे. पेपरात रोज सरासरी आणि टक्के छापून येतात, ते खरे की खोटे हे कळण्याइतकं तरी घरात एकाला यावं. आणि सिरॅमिक्स घेऊ दे.

मुलाने लॅपटॉप अर्धा मिटला. "बाबा, मला तुम्ही एलिमेंटरी दिल्यावर इंटरमिजिएटला बसू दिलं नव्हतं. चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन सांगितलं होतं तुम्हाला."

"तेव्हा त्याचे दहावीला वाढीव गुण मिळत नव्हते," मी म्हणालो. "आता मिळतात."

सूनबाई हसायला लागल्या. नातीने इंटरमिजिएट म्हणजे काय ते विचारलं. कुणी सांगेना, तेव्हा तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, सिरॅमिक्सवर खूण केली, पर्यायी विषयाच्या रकान्यात बापाच्या समाधानासाठी म्युझिक थिअरी लिहिली आणि पालकाच्या मान्यतेचं पान त्याच्यापुढे सरकवलं. वर्ग वीस मुलांचाच आहे, उशीर केला तर जागा जाईल, असंही सांगितलं. त्याने पासवर्ड दोनदा चुकवला.